तात्यांची उसनवारी: देवगडच्या शेडमधल्या नोंदी, जून ते सप्टेंबर 2025

8 जून, रविवार

शिमगा झाला आणि तात्या गेले. तेव्हापासून स्मारकाची चर्चा चालू आहे: फिरती ढाल, फोटो लावलेली कमान, त्यांच्या नावाचा चषक. आज बैठकीत ते सगळं बाजूला ठेवलं. तात्यांनी आयुष्यभर आपलं नेमबाजीचं सामान दुसऱ्यांना वापरायला दिलं, तेव्हा ती उसनवारी चालू ठेवायची, एवढाच प्रकल्प.

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा माणूस. स्पर्धेची नवी एअर रायफल लाखांच्या घरात जाते, आणि इथल्या दहावी-बारावीच्या पोराला ती कोण घेऊन देणार? म्हणून तात्या जुन्या रायफली मिळतील तिथून आणायचे, खोलून नीट करायचे आणि देऊन टाकायचे. अनामत नाही, भाडं नाही. चोपडीत फक्त नाव, तारीख, वस्तू आणि परत आल्यावरची अवस्था. चोपडीच्या पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलं आहे: "घाई नाय. पण गंज धरलेली हाडू नको." (हाडू नको म्हणजे आणू नको.)

जागा मिळाली. एका बागायतदारांची आंबा पॅकिंगची शेड फेब्रुवारीपर्यंत रिकामी असते. यंदा पाऊस मे अखेरीलाच उतरल्याने ती लवकर मोकळी झाली. बांधकाम चिऱ्याचं, वर पत्रा, खाली कोबा.

10 जून

तात्यांच्या घरून सामान आणलं. यादी:

रायफली तीन. डायना 75 (स्प्रिंगची, बाजूच्या दांड्याने ताणायची), एका झटक्यात हवा भरायची जुनी फाइनवेर्कबाउ (जर्मन कंपनीची), आणि सिलिंडरवाली पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. पिस्तुलं दोन, दोन्ही एका झटक्याची. सुटा डावखुरा दस्ता एक. जॅकेट तीन, त्यातलं एक लहान मुलाच्या मापाचं. छर्ऱ्यांचे न उघडलेले डबे, प्रत्येकी 500 चे. कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्यांची एक पिशवी. याच डब्यांत तात्या पन्नास-पन्नास छर्रे भरून मुलांच्या हातात ठेवायचे आणि झाकणावर लॉट नंबर (कारखान्यात एका वेळी बनलेल्या छर्ऱ्यांचा नंबर) लिहायचे. स्कूबाची टाकी एक.

तात्यांच्या नावावर परवान्याची दोन हत्यारं होती: पॉइंट टू टू रायफल आणि शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक. त्यांना आम्ही हात लावलेला नाही. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवण्याचा अधिकार संपतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. काडतुसंही त्यात आली. घरच्यांनी ते मार्चमध्येच केलं आणि पावती घेतली. वारसाला हवं असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. इथे बऱ्याच घरांत आजोबांची ठासणीची बंदूक "असू दे, आठवण आहे" म्हणून माळ्यावर राहते आणि पुढे निवडणुकीच्या वेळी हत्यारं जमा करायची नोटीस आली की धावपळ होते. तसं करू नये.

4.5 मिमी बोअरच्या, 20 जूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. तरी प्रत्येकीच्या बिलाची प्रत आणि नंबर वेगळ्या फाइलला लावला. उसनी नेणाऱ्याच्या पिशवीत एक प्रत जाईल.

15 जून, रविवार

शेड मोजली. आतून लांबी 17.20 मीटर, रुंदी 6 मीटर. नेमरेषेपासून टार्गेटच्या कागदापर्यंत 10 मीटर, 5 सेंटिमीटर इकडे-तिकडे चालतं. मागे बाक, टेबल आणि ये-जा करायला पाच मीटर उरतात. एका नेमबाजाला निदान एक मीटर रुंदी लागते. सहा रांगा बसल्या असत्या, पण चारच घेतल्या. मुलं नवीन असतात, शेजाऱ्याचा कोपर लागायला नको, आणि भिंतीकडच्या रांगेत डावखुऱ्याला वळायला जागा हवी.

टार्गेटचा मध्य नेमबाजाच्या पायाखालच्या जमिनीपासून 1.40 मीटरवर हवा. त्याच्या पायाखालच्या जमिनीपासून, टार्गेटखालच्या नव्हे. पॅकिंग शेडच्या कोब्याला धुण्याच्या पाण्यासाठी उतार दिलेला असतो. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने लेव्हल धरली तर दहा मीटरमध्ये 9 सेंटिमीटर उतार निघाला. प्रत्येक टोकाला आपापल्या जमिनीवरून टेप लावला असता तर टार्गेटं तेवढी खाली बसली असती. सूट आहे ती 5 सेंटिमीटरची. पाण्याच्या नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं. नळी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढावं, वरून ओतू नये.

दारं दोन. टार्गेटकडचं दार आतून आडणा घालून कायमचं बंद केलं आणि बाहेरून लाल रंगाने फुली मारली. ये-जा फक्त नेमरेषेच्या मागच्या दाराने.

19 जून

छर्रे अडवायच्या पेट्या. चार पेट्या, 3 मिमी जाडीचा लोखंडी पत्रा, तोंड 35 बाय 35 सेंटिमीटर. आतला पत्रा 45 अंशांत, वरचं टोक नेमबाजाकडे झुकलेलं, म्हणजे छर्रा आपटून खालच्या ट्रेमध्ये उतरतो. वेल्डरने पहिली पेटी पत्रा उभा ठेवूनच आणली होती. उभ्या पत्र्यावरून शिशाचे तुकडे सरळ मागे फिरतात, ती परत पाठवली.

हिशेब असा: स्पर्धेचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅम, वेग सेकंदाला 170 मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा साडेसात जूल. त्याला 3 मिमी पत्रा पुरून उरतो. 1.5 मिमीचा पत्रा फाटत नाही, पण पोचे पडतात, आणि पोच्यात बसलेला छर्रा वाट्टेल त्या कोनात उडतो. वेल्डिंगचे खडे आतल्या बाजूने ग्राइंडरने साफ करून घ्यावेत, कारण तेच. ट्रेच्या तळाला जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा टाकला. आवाज निम्म्यावर आला आणि शिशाची भुकटीही कमी उडते.

पेट्यांच्या मागे भिंतीपासून वीतभर सोडून तोच रबरी पट्टा वरून लोंबता सोडला. नवशिक्याचा छर्रा पेटी चुकतोच. लोंबता पट्टा मार झेलतो. भिंतीला चिकटवला तर छर्रा उलट फेकतो.

24 जून

पाऊस. लाईट नाही. रंगाचं काम थांबलं.

29 जून, रविवार

प्रकाश. टार्गेटवर किमान 1500 लक्स (उजेडाचं माप) हवा, शेडमध्ये सर्वसाधारण 300 तरी. आधी 30 वॅटचे दोन एलईडी फ्लडलाईट दीड मीटरवरून लावून पाहिले. मीटरने 800 दाखवले. फ्लडलाईट 120 अंशांत पसरतो, निम्मा उजेड चिऱ्याच्या भिंतीवर जातो आणि तांबडा होऊन परत येतो. ते काढून प्रत्येक टार्गेटला 12 वॅटचा, 24 अंशांचा एकेक स्पॉट लावला. आधीपेक्षा कमी विजेत 1900 लक्स. दिवा नेमबाजाच्या डोळ्यात येऊ नये म्हणून पुढे पत्र्याची पट्टी.

मोबाईलवरचं लक्सचं ॲप दोन फोनवर दोन आकडे दाखवतं, त्यावर खरेदी करू नये.

वरच्या पत्र्यात दोन पारदर्शक पत्रे आहेत. पावसाळ्यात ढग सरकला की शेडमधला उजेड बदलतो आणि डायॉप्टरमधून, म्हणजे रायफलीवरच्या नेम धरायच्या बारीक भोकातून, काळा गोल लहानमोठा भासतो. ते दोन्ही आतून सिमेंटच्या गोणपाटाने झाकले. तात्या अशा दिवशी मुलांना नेमायलाच देत नसत, नुसतं उभं राहायला लावायचे. रायफल खांद्याला, छर्रा नाही, आणि शेजारी स्वतः स्टुलावर बसून: "आधी श्वास सोड. मगे बघूया."

6 जुलै, रविवार

कपाट. या किनाऱ्यावर रायफल बिघडते ती बहुतेक वेळा कपाटात. तात्यांची चोपडी चाळली तर परत आलेल्या सामानापुढचा सगळ्यांत जास्त वेळा आलेला शेरा एकच: "गंज, केस मध्ये ठेवलेली." स्पंज लावलेली केस प्रवासापुरती ठीक. जुलैत तो स्पंज हवेतलं पाणी आणि मीठ धरून बसतो, आणि नळीला जिथे टेकतो तिथेच तांबूस ठिपके उठतात. हातांचे ठसेही तसेच उमटतात.

जुन्या घरांत कपाटात साधा पिवळा बल्ब जळत ठेवायचे ते उगाच नाही. बाहेर 28 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असताना बंद कपाटातली तीच हवा 33 अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता 68 च्या जवळ येते, 35 ला नेली तर साठ. एलईडी बल्बने हे होत नाही, त्याला फारशी ऊब नसते. तारेचे 25 वॅटचे दोन बल्ब तालुक्याच्या बाजारात अजून मिळतात. लोखंडी कपाटात एक तळाला, वर जाळी, आणि रायफली नळी खाली करून उभ्या. नळी खाली, म्हणजे जास्तीचं तेल ट्रिगरमध्ये आणि दस्त्यात उतरत नाही. दाराला वॉशर-पट्टी, आणि आतला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचा) दारातून दिसेल असा.

लाईट गेल्यावर भर म्हणून सिलिका जेल अर्धा किलो, नारिंगी रंगाचं. हिरवं पडलं की पसरट ताटात घालून 110 ते 120 अंशांवर दोन तास भाजायचं. गॅसवर कढईत भाजलं तर दाणे तडकतात. टार्गेटचे कागद मात्र कपाटात नकोत. ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, वेगळी पुडी घालून. ओल धरलेल्या कागदावर छर्ऱ्याचं भोक गोल पडत नाही, कड फाटते, आणि गुणांवरून वाद होतात.

13 जुलै, रविवार

डायना 75 उघडली. तक्रार दोन वर्षांपासूनची: एकाच नेमात छर्रे वर-खाली पडतात. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) पाच छर्ऱ्यांत सेकंदाला 170 पासून 158 मीटरपर्यंत वेग मिळाले. हा फरक किती महाग पडतो ते मांडून पाहावं. 170 च्या वेगाने दहा मीटरला छर्रा सुमारे 17 मिमी खाली येतो, 158 ला साडेएकोणीस. म्हणजे अडीच मिमी. रायफलच्या टार्गेटवर दोन वर्तुळांतलं अंतरही अडीच मिमीच. नेमबाजाने काहीही न चुकता अख्खा एक गुण गेला.

या रायफलीत दोन दट्टे एकमेकांच्या उलट दिशेने धावतात, त्यामुळे धक्का एकमेकांत विरतो. जर्मन अभियंते गिस यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तिचा शाप म्हणजे मूळ सील. ती वापरली किंवा न वापरली तरी वर्षांनी आपोआप मऊ पडून तपकिरी चुरा होतात. नळीतून गुळाच्या काकवीसारखे कण येऊ लागले की समजावं. त्यावर तेल ओतायचं नाही. तेल दाबाखाली पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो, आणि पोराला वाटतं रायफल "जोरात" झाली.

खोलताना: स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत असते, म्हणून लाकडी चौकटीत क्लॅम्प लावूनच मागचं बूच सोडवावं, तोंड बाजूला ठेवून. दोन्ही दट्ट्यांना जोडणाऱ्या दातेरी चाकांवर खोलण्याआधी खुणा करून फोटो घ्यावा. जुना चुरा स्पिरिट आणि ताठ ब्रशने शेवटच्या कणापर्यंत काढावा, राहिलेला कण नव्या सीलला ओरखडतो. नवी सील बसवताना सिलिंडरच्या खाचांच्या कडा बोटाने तपासाव्यात, धार लागली तर 600 च्या पॉलिश पेपरने मोडावी. स्प्रिंगला पातळ मोली ग्रीस. सीलला बोट पुसल्याइतकंच.

जोडल्यावर एक दाता पुढेमागे झाला तर रायफल चालते, पण धक्का देते. तपासायची रीत तात्यांची: पीव्हीसी पाईपचे दोन तुकडे टेबलावर आडवे, त्यांवर रायफल, नळी पेटीकडे, छर्रा घालूनच चाप ओढायचा. रायफल पाईपवर घरंगळली तर परत खोला. रिकामी कधीच उडवू नये. समोर छर्रा नसला की दट्टा उशीशिवाय थेट आपटतो.

आता पाच छर्ऱ्यांत फरक 3 मीटर प्रतिसेकंद. पुरे.

20 जुलै, रविवार

डावखुरा दस्ता. चोपडीत 2011 ची नोंद आहे: डावरी मुलगी, नववीतली, उजव्या दस्त्यावर गाल टेकत नाही म्हणून मान वाकडी करते. तात्यांनी तिच्यासाठी फणसाच्या फळीतून हा दस्ता कोरला. नंतर तो सहा मुलांकडे जाऊन आला. प्रत्येकाची उंची लिहून पुढे कुंद्यात, म्हणजे दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकाला, किती पातळ फळ्या घातल्या तेही लिहिलं आहे: "12 मिमी एक", "12 मिमी दोन". मूल वाढलं की एक फळी वाढवायची.

फणसाचं लाकूड टिकाऊ, वाळवीला फारसं दाद देत नाही, कोरायला बरं. पण जून-जुलैत आडव्या रेषेत फुगतं. फुगलं की रायफल धरणारे दोन बोल्ट आवळल्यासारखे होतात. पोराला वाटतं घट्ट आहे, नोव्हेंबरात लाकूड आकसतं आणि तेच बोल्ट सैल. नेम दर हंगामात सरकतो याचं कारण हे. उपाय: दोन्ही बोल्टच्या भोकांत 10 मिमी बाहेरच्या व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या, इपॉक्सीत, लाकडाच्या पातळीपेक्षा केसभर वर. आता बोल्ट धातूवर आवळला जातो, लाकूड फुगो की आकसो.

बाहेरून तात्यांनी जवसाचं तेल दिलेलं होतं. आतली खाच, जिथे रायफल बसते, ती कोरडीच होती. बहुतेक सुतार ती सोडतात, आणि ओल नेमकी तिथून शिरते. आतून तीन हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. पावसात एकेक हात वाळायला चार-पाच दिवस लागतात, पंख्याखाली ठेवूनही.

गालाच्या जागी लाकूड काळं गुळगुळीत झालं आहे. तिथे पॉलिश पेपर लावलेला नाही.

27 जुलै, रविवार

नेम बांधणं आणि छर्ऱ्यांचे लॉट.

रायफल लाकडी घोडीवर वाळूच्या पिशव्यांत, प्रत्येक लॉटचे पाच-पाच छर्रे, तीन कागद. 4.49 पासून 4.52 मिमीपर्यंतच्या डोक्याचे डबे होते. पीसीपीला 4.50 चा एक लॉट इतका जमला की पाचही छर्रे एका भोकात, भोक बाहेरून बाहेर 6 मिमी. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा दुसरा लॉट 9 मिमी. रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिमी आहे, तेव्हा लॉट पाहणं हा शौक नाही. तात्या डब्याच्या मागचा नंबर पाहिल्याशिवाय पैसे देत नसत आणि चांगला लॉट सापडला की स्वतःसाठी नव्हे, राज्य स्पर्धेला जाणाऱ्यांसाठी बाजूला काढायचे. न उघडलेल्या डब्यांवर त्यांनी चिकटवलेल्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्या. त्या त्या मुलांना निरोप गेले आहेत.

दोन डब्यांत पांढरी भुकटी धरलेली निघाली. ते शिशाचं ऑक्सिडेशन. असे छर्रे पुसून वापरू नयेत. भुकटी नळीत जाते आणि बोटांनाही लागते. बाद.

डायॉप्टरच्या चकत्यांवर जर्मन अक्षरं असतात, एच आणि टी. नवा मुलगा इथे हमखास उलटा फिरवतो. "एच" म्हणजे छर्रा वर लागत असेल तर या बाजूला फिरवा. त्याने नेम वर जात नाही, खाली येतो. तात्यांची प्रत्येक दस्त्याच्या आत चिकटवलेली चिठ्ठी: "वर लागता? एच. खाली लागता? टी. चार टिचकी, मगे तीन छर्रे, मगे बघ." पाण्याने पुसट झालेल्या दोन चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या, मजकूर तोच.

3 ऑगस्ट, रविवार

पीसीपीची हवा. इथे मोसमाची अडचण आहे. तारकर्ली-मालवणची स्कूबा केंद्रं मे अखेरीला बंद होतात ती ऑगस्ट संपेपर्यंत. पावसाळ्यात टाकी भरून मिळत नाही. तात्या मेच्या तिसऱ्या आठवड्यात टाकी भरून आणायचे. या वर्षी ती भरलेली नव्हती, 140 बारवर होती. टाकीत असेल त्याहून जास्त दाब रायफलीत जाणारच नाही, म्हणून 140 पर्यंत भरून सरावापुरती चालवतो आहोत.

हातपंप आहे, वापरत नाही. ऑगस्टमधली हवा 200 बारपर्यंत दाबली की तिच्यातलं पाणी सिलिंडरच्या आत सुटतं. बाहेरून काही दिसत नाही, आतून गंज चालू राहतो. वापरायचाच तर सुकवणीची नळी जोडून, आणि दर थोड्या झटक्यांनी खालचा ड्रेन सोडून. स्कूबाची हवा श्वासासाठी गाळलेली आणि कोरडी असते, तिचा हाच फायदा.

हिशेबासाठी: 11 लिटरची टाकी. रायफलचं सिलिंडर 100 वरून 200 ला नेलं की टाकी साधारण दीड बारने उतरते. भरताना झडप हळू, निदान अर्धा मिनिट. घाई केली तर हवा तापते, काटा 200 दाखवतो, आणि थंड झाल्यावर 180. जोडावर तेल किंवा पेट्रोलियम ग्रीस अजिबात नाही, शुद्ध सिलिकॉनच. उच्च दाबाच्या हवेत तेल म्हणजे स्फोट.

सिलिंडरवरची तारीख पाहिली: 2016. कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात, आणि स्पर्धेत मुदत संपलेलं सिलिंडर आणलं तर जबाबदारी नेमबाजाची. पुढच्या वर्षी नवं लागणार. खर्चाच्या यादीत सगळ्यांत वर तेच.

9 ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. कोणी आलं नाही, अपेक्षाही नव्हती.

17 ऑगस्ट, रविवार

शेडचे नियम भिंतीवर रंगवले. रंगारी तात्यांचाच विद्यार्थी, पैसे घेतले नाहीत.

नळीत झेंडी घातल्याशिवाय रायफल टेबलावरून उचलायची नाही. झेंडी म्हणजे बागेतल्या ग्रास कटरची 2.4 मिमी जाडीची नारिंगी नायलॉन दोरी, नळीच्या दोन्ही टोकांबाहेर चार बोटं दिसेल इतकी लांब. 4.5 च्या नळीतून सहज जाते, आत छर्रा असेल तर अडते. बाजारातल्या झेंड्या महाग आणि आखूड. इथे प्रत्येक बागायतदाराच्या घरी या दोरीचं रीळ पडलेलं असतं.

"लोड", "स्टार्ट", "स्टॉप", "अनलोड" या हाका इंग्रजीतच ठेवल्या. मुलं उद्या स्पर्धेला गेली तर तिथे ह्याच ऐकू येणार.

शेडमध्ये खाणं-पिणं नाही. बाहेर नळ, साबण, आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. झाडूने कोरडं झाडायचं नाही, त्याने शिशाची धूळ उडून छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं वेगळ्या बादलीत. ट्रेमधलं शिसं दर महिन्याला बंद डब्यात. जाळ्यांना शिसं लावायला मच्छीमार मंडळी ते मागतात आणि तात्या त्यांना द्यायचेही. आता भंगारवाल्याकडेच जाईल असं ठरलं. चुलीवर किंवा पडवीत शिसं वितळवलं की वाफ घरभर होते, आणि घरात लहान मुलं असतात. यावर बैठकीत दोन मतं होती. शेवटी एका खारवी (मच्छीमार) सभासदानेच विषय संपवला.

शेवटचा नियम तात्यांचा, शब्द न बदलता: जिवंत वस्तूकडे नळी फिरली की सामान परत. पक्षी, माकड, शेजाऱ्याचा कुत्रा, सगळे यात आले. चोपडीत असं सामान परत घेतल्याच्या दोन नोंदी आहेत. एक तर त्यांच्या सख्ख्या पुतण्याची.

24 ऑगस्ट, रविवार

गणपतीला तीन दिवस. चाकरमानी उतरायला लागले आहेत, म्हणून आजच छोटी स्पर्धा घेतली, नंतर कोणी भेटत नाही. प्रत्येकी 20 छर्रे, 40 मिनिटं, कागद दहा, एका कागदावर दोन. नाव "तात्या चषक" नाही. चषकच नाही. पहिल्या तिघांना चांगल्या लॉटचा एकेक डबा, आणि बाकी सगळ्यांना पन्नास छर्ऱ्यांची रोलची डबी, झाकणावर नंबर लिहून.

मुलांची संख्या गेल्या वर्षीपासून वाढलेली आहे. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य घेतलं. कांबळवाडी राधानगरी तालुक्यात, म्हणजे फोंडा घाट चढला की पलीकडेच. त्या ऑगस्टमधलं चोपडीचं पान दोन्ही बाजूंनी भरलं आहे. येणाऱ्या प्रत्येकाला 50 मीटरच हवं होतं. त्याला पॉइंट टू टू रायफल, परवाना आणि मोठी रेंज लागते. तात्यांनी प्रत्येकाला दहा मीटरवर उभं केलं आणि पहिले पंधरा दिवस छर्रा दिला नाही. जे टिकले त्यांची नावं आजच्या यादीत आहेत.

तांत्रिक: तिसऱ्या रांगेचा स्पॉट मधेच बंद पडला. होल्डरच्या पितळी पट्टीवर हिरवा थर, खारी हवा. घासून पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं, चारही रांगांना. नेमणाऱ्या मुलीला थांबलेला वेळ आणि वर तीन मिनिटं वाढवून दिली.

7 सप्टेंबर, रविवार

उसनवारी चालू झाली. जुन्या चोपडीतच पुढच्या पानावर लिहायचं ठरलं, नवी वही नाही. आजच्या तीन नोंदी:

डायना 75, शिरगावचा मुलगा, दहावी. 4.51 चा लॉट, डबी चार. केस दिली नाही, सुती गवसणी दिली.

डावखुरा दस्ता आणि झटक्याची रायफल, मिठबावची मुलगी. उंची 148 सेंटिमीटर, फळी एकही नाही.

लहान जॅकेट, तिच्याच भावाला. बटण एक कमी, घरी लावून घेणार.

जुन्या सामानापैकी एक डायॉप्टर अजून कोणाकडे तरी आहे. चोपडीत 2019 ची नोंद, नाव पावसाच्या पाण्याने पुसलेलं. ज्याच्याकडे असेल त्याने आणून द्यावा किंवा वापरत असेल तर नुसतं कळवावं, नोंद करून ठेवू.

उरलेली कामं. झटक्याच्या पिस्तुलांपैकी एकाची ओ-रिंग कडक झाली आहे, हवा मिनिटभरात उतरते. माप घेऊन मागवायची, 70 कडकपणाची. कपाटात एका बल्बची तार गेली, जोडीला एक शिल्लक. मालवणची केंद्रं 1 तारखेला उघडली. टाकी याच आठवड्यात न्यायची: हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या टाकीच्या तपासणीची) तारीख आधी फोनवर सांगून, गाडीत आडवी, दोन्ही बाजूंनी बांधून, झडपेवर टोपी. एसटीने नाही.